रॉड उतरताना

स्क्रॅपरच्या पात्याखालून बेअरिंगचा चंदेरी कीस अलगद गळत होता, टेबलावर चांदणं सांडल्यासारखा. आबांचा उजवा हात लुळा पडल्यापासून जुन्या मोटारींची इंजिनं त्यांची लेक वृषालीच बांधायची. पण खुर्चीत बसलेल्या आबांची नजर तिच्या हातांवरून ढळत नसे. त्यापायी त्यांनी दुपारची झोपसुद्धा सोडली होती.

“शाफ्टवर बसवलेला पिस्टनचा रॉड आडवा धरून सोडला, की डुलकी लागलेल्या माणसाच्या मानेसारखा खाली यावा,” ते म्हणायचे. “धपकन पडला तर बेअरिंग सैल, अडला तर घट्ट.”

वृषालीने बेअरिंग घालून रॉड शाफ्टवर बसवला, नट आवळले आणि तो आडवा धरून सोडला. तो पाण्यातून उतरावा तसा सावकाश खाली आला.

“आबा, बघितलंत?”

हनुवटी छातीला टेकवून आबा केव्हाच झोपले होते.