मिशीपर्यंत आले

"ताई, फेटा आला," रखमाजी फोनवर म्हणाला. "कपाळ बी आलं. आता भिवया येऊन राह्यल्यात."

"लाइनवर राहा," सत्यशीला म्हणाली.

रखमाजी सकाळपासून टेंभुर्णीत इंटरनेटवाल्याच्या दुकानात बसून होता. पोरीचा, बेबीनंदाचा, नर्सिंगचा अर्ज भरायचा होता. अर्ज फक्त वेबसाइटवर, मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत, अशी जाहिरात शिक्षणसंस्थेनं दिली होती. पण वेबसाइट उघडली की आधी अध्यक्ष काकासाहेबांचा फोटो यायचा. तो फेट्यापासून कोटाच्या शेवटच्या गुंडीपर्यंत पुरता उतरल्याशिवाय अर्ज दिसत नसे. तशी काकासाहेबांची सूचना होती.

"मिशी आली... निम्मी आली... ताई, गेलं! समदं पांढरं झालं."

इकडे संस्थेच्या ऑफिसात, काकासाहेबांच्या खुर्चीमागच्या काचेच्या खोलीत धर्मराजनं सर्व्हरचं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. धर्मराज काकासाहेबांचा पुतण्या आणि वेबसाइटचा कर्ता. सर्व्हर काचेत ठेवायची कल्पनाही त्याचीच, पाहुण्यांना दाखवता येतो म्हणून. सकाळपासून तो हापशावर पाणी काढावं तसा ते बटण दाबत होता. सत्यशीला संस्थेची पगारी प्रोग्रामर, त्यामुळे बिघाड निस्तरणं तिच्याकडे होतं.

"मॅडम, डेटाबेसच बदला म्हणतो मी," काकासाहेब म्हणाले. "तुम्ही फुकटचा घ्या म्हणत होता. फुकटची वस्तू संस्थेला शोभत न्हाई, म्हणून आम्ही सगळ्यात महागाचा घेतला. महागाच्याची ही गत, तर फुकटच्यानं काय दिवे लावले असते?"

तो महागाचा डेटाबेस धर्मराजनं औरंगाबादेहून आणला होता. सीडीवर स्केचपेननं त्याचं नाव लिहिलेलं होतं. सत्यशीलेनं मुद्द्याला हात घातला.

"साहेब, डेटाबेस ठीक आहे. मेमरी भरतेय. कुणीही वेबसाइट उघडली की प्रोग्राम तुमचा फोटो मेमरीत आणून ठेवतो. दाखवून झाला की सोडायला पाहिजे, तर सोडतच नाही. शंभर माणसं आली की आत शंभर काकासाहेब. एकही उठत नाही. मग सर्व्हर बसतो."

"सोडत का न्हाई?"

"काका, तुमच्यामुळंच की," धर्मराज बटणापासून न हलता म्हणाला. "उद्घाटनाच्या टायमाला फोटो जरा लुकलुकला, तर तुम्ही स्टेजवरून उठून गेल्ते. मंग ती सोडायची ओळच काढून टाकली मी. समद्या पानांवरून."

काकासाहेबांनी मान डोलावली. "बराबर केलं."

सत्यशीलेनं स्क्रीन स्वतःकडे वळवला. "ती ओळ जागोजाग परत घालायला आजची रात्र जाईल. फोटो मात्र आत्ता काढता येतो. काढू?"

काकासाहेबांनी वळून भिंतीकडे पाहिलं. तिथंही तोच फेटा, तीच मिशी. त्या खिळ्यावरून याआधी एकदाच फोटो उतरला होता, मागच्या अध्यक्षांचा, आणि त्याच संध्याकाळी काकासाहेब त्या खिळ्यावर चढले होते.

"फोटोला हात लावायचा न्हाई."

"मग मुदत उद्यापर्यंत वाढवा."

"जाहिरातीत पाच छापलंय. संस्थेला शब्द असतो, मॅडम. भरल्या तर भरल्या जागा. उरतील त्यांचं संस्था बघून घेईल."

संस्था कशी बघून घेते ते सत्यशीलेला ठाऊक होतं. बाहेरच्या बाकावर दोन सफारीवाले दुपारपासून चहावर चहा घेत बसले होते. दोघांच्याही पोरींना नर्सिंगलाच जायचं होतं आणि दोघींनीही वेबसाइट उघडून पाहिली नव्हती.

"ताई," रिसीव्हरमधून रखमाजी म्हणाला, "परत फेटा आला. पोरगी रडून राह्यली इथं. ह्यो फेटेवाला जरा बाजूला करा की कोनी."

सत्यशीलेनं रिसीव्हर ठेवला. कीबोर्ड ओढला. दोन-चार बटणं अशी दाबली की टेबलावरचे कप वाजले.

"काका!" धर्मराज काचेआडून ओरडला. "तुम्ही न्हाईत!"

काकासाहेब उठून स्क्रीनसमोर आले. त्यांच्या जागी एक रिकामी चौकट होती आणि चौकटीच्या कोपऱ्यात लाल फुली. खाली, पहिल्यांदाच, अर्ज दिसत होता.

"कुणाला विचारून काढला?"

"कुणालाच नाही."

"उद्यापासून यायचं न्हाई."

"उद्याचं उद्या. आज पाचपर्यंत मी इथंच आहे."

काकासाहेबांनी तिला दहा मिनिटं सुनावलं, तेवढ्यात फोन वाजला. त्यांनीच झडप घालून उचलला आणि "कोण?" म्हणाले. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की खोलीभर ऐकू आला.

"हालो! भाऊ, ताईला सांगा, फारम भरला! बेबीनंदाचा नंबर बी आला स्क्रीनवर! तो फेटेवाला काढला अन् कसं जल्दी जल्दी झालं समदं." मग रखमाजीनं जरा दम घेतला. "अन् भाऊ, कोन व्हता हो तो मधी?"

"राँग नंबर," काकासाहेब म्हणाले आणि फोन ठेवला. फेटा नीट केला. घड्याळाकडे पाहिलं. "पाच वाजायला वेळ आहे अजून. फोटो परत चढवा."

सत्यशीलेनं कीबोर्ड उचलला आणि वायर पुरली तिथवर नेऊन काकासाहेबांच्या पुढ्यात आदळला.

"चढवा."

काचेच्या खोलीतून धर्मराज बाहेर आला नाही. काकासाहेबांनी अंगठीचं बोट पुढं केलं. ते अक्षरांवरून थोडं फिरलं आणि हवेतच थांबलं. फोन पुन्हा वाजायला लागला.