पाचवं झाड

इंग्लंडातल्या आमच्या केंटमधल्या गावात चारचौघांत 'मला कळलं नाही' म्हणणं म्हणजे नाक शिंकरून हात पडद्याला पुसण्यासारखं. त्यामुळे ग्रामसभेत पेनफोल्डबाईंनी गावच्या मैदानावर पाच ओक 'क्विंकन्शिअली' लावायचा ठराव मांडला, तेव्हा सगळ्यांनी जाणकारासारख्या माना डोलावल्या. क्रिकेटचा कप्तान बार्नबी तर "वा, काय कल्पना आहे!" म्हणत सर्वांत आधी हात वर करून मोकळा झाला.

हिवाळ्यात ठेकेदाराने ठरावाबरहुकूम झाडं लावली. फाशावरच्या पाच ठिपक्यांसारखी: चार कोपऱ्यांत चार आणि पाचवं बरोबर मधोमध, खेळपट्टीच्या छातीवर.

"शी! एवढ्या शहाण्यांत एकालाही त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता?" पुढच्या सभेत बार्नबी कडाडला. सगळे ढोंगी आपापल्या बुटांकडे बघत बसले.

चहाच्या किटलीपाशी उभी असलेली त्याची बायको विनिफ्रेड शांतपणे म्हणाली,



"मला होता की, बार्नी. लग्न झाल्यापासून दर शनिवारी तुझ्या मॅचच्या बावीस गड्यांची सँडविचेस करत आलेय, यंदा सुटले."