हवाईतलं दुसरं हॉटेल

हवाईच्या सहलीहून परतल्यावर जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला यशोधनच्या घरी दोन्हीकडचे आईवडील कॉफीला जमले. जर्मन सासूबाईंनी फोटो मांडताच यशोधननं घाईनं केकची बशी पुढे केली. आईबाबांना दुसऱ्या हॉटेलात ठेवताना सासरच्यांचं हॉटेल फुल्ल असल्याची थाप त्यानंच मारली होती. बाबांचं खाकरणं, आईचं हातानं कालवणं त्यांच्यासमोर नको होतं. फोटोत तेच हॉटेल ओस पडलेलं. सासूबाई जर्मनमध्ये म्हणाल्या, “किती खोल्या रिकाम्या होत्या! तुम्ही आमच्याबरोबर का नाही राहिलात?” “काय म्हणतात रे?” आईनं विचारलं. यशोधन कप गोळा करू लागला. बाबा घसा खाकरून, अडखळत, चक्क जर्मनमध्ये म्हणाले, “मीच सांगितलं मुलाला. मला शांतता लागते.” यशोधनची मान खाली गेली. “व्याह्यांशी गप्पा मारायला पुण्यात क्लास लावलेला यांनी! हवाईत संधीच मिळाली नाही,” आई कौतुकानं म्हणाली. “काय बोललात हो?” तिनं बाबांना विचारलं. “म्हटलं, फोटो छान आलेत.”