दहावं नाव
डॉ. राजदीप खोब्रागडे फॉर्म हातात घेऊन मोहाच्या झाडाखाली उभे राहिले, तरी त्यांची विद्यार्थिनी चंचल टोपली सोडून उठेना. मोहफुलं पडतील तशी वेचावी लागतात. ऊन चढलं की गुरं येऊन खाऊन टाकतात. सरांना ते कळत होतं. पण फॉर्मची मुदत आज पाचला संपत होती.

"एवढी सही कर बाई, मी जातो," ते म्हणाले.

तालुक्याच्या कॉलेजात सर आंतरराष्ट्रीय संबंध शिकवत, तेही तासिका तत्त्वावर. दहा विद्यार्थ्यांनी विषय निवडला नाही, तर पुढच्या वर्षी विषय बंद, आणि विषयासोबत सरही. आठवडाभर मोटारसायकलवर गावं पालथी घालून त्यांनी नऊ सह्या मिळवल्या होत्या. दिल्लीत लोहखनिजाच्या निर्यात करावर त्यांनी पीएच.डी. केली, तेव्हाचे सोबती आता जिनिव्हात आणि सिंगापुरात मानाच्या जागांवर बसलेत. मुलाखती देऊन देऊन सर पोचले ते इथवर. सूरजागडच्या खाणीतल्या लोहखनिजाचे ट्रक दिवसभर त्यांच्या खोलीसमोरून जात, आणि त्या कराबद्दल दोन शब्द बोलावेत असं माणूस पंचक्रोशीत नव्हतं. भांडी घासता घासता सर स्वतःशीच वाद घालत आणि बहुतेक वेळा हरत.

चंचलने चिकट हात ओढणीला पुसले. "सर, मी तं इतिहास घेऊन राह्यली."

"काऊन?" सरांच्या तोंडून घरचा शब्द निघाला. "तू तं वर्गात येतेस. साऱ्यात चांगलं ऐकतेस."

चंचल आईकडे पाहू लागली. मनकर्णाबाई पलीकडे वाकून वेचत होत्या.

"सांगून टाक ना वं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "सरापासून काय लपवाचं?"

"रागावू नोका सर," चंचल म्हणाली. "आमी साऱ्याईनं बारी लावली व्हती. रोज दोघं. वर्ग रिकामा दिसला का तुमी तसेच खोलीवर जाता. मंग दिवसभर कोनासंग बोलत नाई. चहावाल्या मुखरूभाऊनं सांगतलं आमाले."

सर हसले. दुसरं काय करणार? रोज वेगळे चेहरे दिसतात, म्हणजे विषयाची गोडी पसरतेय, असं त्यांनी जिनिव्हाच्या मित्राला मोठ्या ऐटीत लिहून पाठवलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आनि ह्या नऊ सह्या?"

चंचल खाली पाहत राहिली. "त्या बी साऱ्याईनं ठरवूनच केल्या. मले वाटलं, नऊ तं हायेत, दहावा कोनी तरी भेटन."

"गुरं राखाले बी आमी बारीच लावतो सर," मनकर्णाबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "कोनावर ओझं होत नाई."

सरांनी फॉर्मची घडी घातली. दुसरा कुणी असता तर तो तिथेच फाडून निघून गेला असता. सरांनाही तसं वाटलं, पण हात काही पुढे गेला नाही. चंचलने तो त्यांच्या हातातून काढून घेतला, मोहाच्या खोडावर टेकवला आणि दहाव्या ओळीत आपलं नाव लिहिलं. कागदाला फुलांचा रस लागला.

"इतिहासाचं मंग पाहू," ती म्हणाली.

सर मोटारसायकलपर्यंत गेले. किल्ली लावली, काढली आणि परत आले. मायलेकी पुन्हा वेचायला लागल्या होत्या.

"सोमवारी कोनाची बारी हाय?"

"माही न् पियुषची."

"सोमवारचा धडा मोठा हाय," सर म्हणाले. "दोन तास लागतीन."