अकरा खासदारांचा एक प्रश्न

अकरावी सही घ्यायला दिनकरराव देवस्थळी दिल्लीत खासदारांच्या वसाहतीचा, नॉर्थ अव्हेन्यूचा जिना चढले, तेव्हा गुडघ्यांनी नेहमीसारखी कुरकुर केली. दहा अर्ज पिशवीत होते. दहा खासदार, चार पक्ष, पण प्रश्न एकच. पाच वर्षांपूर्वी फरीदाबादच्या कारखान्यात वायूची टाकी फुटून सोळा माणसं गेली. ती टाकी सुरक्षित असल्याचा दाखला कोणी दिला?

एकच प्रश्न अकरा जणांनी द्यायचा, यालाही कारण होतं. लोकसभेत कोणाचा प्रश्न तोंडी उत्तराला लागणार, हे चिठ्ठ्या काढून ठरतं. एकट्याचा प्रश्न सहज बुडतो, अकरांपैकी एकाचा तरी वर येतो. हे गणित दिनकररावांनी स्वतःच मांडलं आणि मग त्यासाठी खासदार शोधत फिरले.

तेच खरं जिकिरीचं काम. १९९७ साल होतं, सरकार आज आहे उद्या नाही अशी गत. ज्याला त्याला गुडगावच्या जमिनींचे भाव तोंडपाठ. कारखान्यातली मेलेली माणसं कोणाला आठवतात? मग दिनकररावांनी मधुमेह हाताशी धरला. सत्तेतले अंबादासराव आणि विरोधातले हुकमसिंग सभागृहात एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. दोघांनाही साखरेचा त्रास, दोघेही सकाळी लोदी गार्डनमध्ये फिरायचे, पण तोंडं चुकवून. दिनकररावांनी बिनसाखरेच्या चहाचा थर्मास मधे ठेवून त्यांना एका बाकावर बसवलं. मग त्यांचे मित्र आले, मित्रांचे मित्र आले, आणि वर्षभरात त्या बाकाचा 'औद्योगिक सुरक्षा मंच' झाला. दर गुरुवारी बैठक. निम्मे जण दिनकररावांच्या पत्नी कुमुदताईंच्या थालीपिठांसाठी यायचे, उरलेले दुसऱ्या पक्षातल्या बातम्यांसाठी. दिनकररावांची तक्रार नव्हती.

ते मूळचे कोणत्या खात्यातले, असं कोणी विचारलंच तर ते "फायलींच्या" म्हणायचे. समोरचा हसायचा आणि विषय तिथेच संपायचा.

अंबादासरावांनी मात्र एकदा खोलात जाऊन विचारलं होतं, "तुमचं कोणी होतं का हो त्यात?"

"होता एक," दिनकरराव म्हणाले होते. अंबादासरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

अकरावी सही हुकमसिंगांची. त्यांनी ती अर्ज न वाचताच केली. "देवस्थळीजी, आप थकते नहीं हो?"

"थक गया हूँ, साहब. इसीलिए तो आया हूँ."

मुनिरकाच्या घरी कुमुदताई वाट पाहत बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि काय ते ओळखलं.

"मिळाल्या सगळ्या?"

"मिळाल्या."

"अंशुमनचं लग्न ठरतंय. पोराचं तेवढं तरी होऊ द्यायचं होतं."

"काहीतरी व्हायचंच असतं, कुमुद. पाच वर्षं थांबलोच ना?"

"ते खासदार उद्या विसरून जातील. भोगायचं आपल्याला." दिनकररावांना त्यांची फार दया आली, पण दुसरी वाट उरली नव्हती. नाव जाहीर करा म्हणून खात्याला त्यांनी तीन पत्रं लिहिली होती. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: प्रकरण बंद झालं आहे, पत्रव्यवहार करू नये.

प्रश्नाचा नंबर तिसरा लागला. त्या दिवशीचे प्रेक्षक गॅलरीचे दोन पास अंबादासरावांनी काढून दिले. दुसरा सुमित्राबाईंसाठी. त्या मूळच्या वर्ध्याच्या. नवरा मुरलीधर त्या सोळांत गेला, तेव्हापासून फरीदाबादेतच एक्स्पोर्टच्या शर्टांना बाह्या लावायच्या. दिनकरराव पहिल्यांदा त्यांच्या खोलीवर गेले होते ते काहीतरी सांगायलाच. पण बाईंनी आधी चहा टाकला, आणि सांगायचं राहून गेलं. नंतर दर दिवाळीला ते जात राहिले.

"भरपाई मिळाली, भाऊ," त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या. "मला नुसतं नाव पाहिजे. न बघता सही ठोकली त्याचं. एवढं तरी कळलं पाहिजे का नाही?"

"कळेल," दिनकरराव म्हणायचे.

मंत्र्यांनी लांबलचक उत्तर वाचलं. चौकशी झाली, संबंधित अधिकाऱ्यावर योग्य ती कार्यवाही झाली, नियम कडक केले. नाव नाही.

हुकमसिंग उठले. "नाम बताइए!"

मंत्री म्हणाले, व्यक्तीचं नाव घेणं उचित नाही. मग समोरच्या नव्हे, मंत्र्यांच्याच मागच्या बाकावरून अंबादासराव उभे राहिले. त्यांच्यापाठोपाठ एकेक करत उरलेले नऊही जण उठले, सत्तेतले आणि विरोधातले. गुरुवारची सगळी थालीपिठं एकदम उभी राहिल्यासारखं वाटून दिनकररावांना हसू येता येता राहिलं.

मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या सज्जाकडे पाहिलं. एक चिठ्ठी हातोहात खाली आली. मंत्र्यांनी चष्मा सारखा केला आणि त्या गदारोळातच ती वाचली.

गदारोळ थांबला. हुकमसिंग खाली बसायचं विसरले. अंबादासरावांनी मान वर करून गॅलरीकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले.

सुमित्राबाईंना गलक्यात काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी दिनकररावांची बाही ओढली.

"वाचलं ना, भाऊ? कोणाचं नाव घेतलं?"

"माझं," दिनकरराव म्हणाले.