गोळीचं मशीन

मुंजाबा वाळूजहून कामावरून आला आणि जिन्यातच त्याला घंटी ऐकू आली. टण्, टण्, टण्. म्हणजे त्याचे वडील, अण्णा, खेळायला बसले होते.

"आत्ताच बसलेत," योगिनीनं नवऱ्याच्या हातातला डबा घेतला. "दिवसभर नुसते पडून होते. तुमची बस यायची वेळ झाली तसं म्हणले, मला खुर्चीत बसव."

"मी आलेलो बघवत नाय त्यांना. मी आलो की तोंड तिकडं."

योगिनी चहा टाकायला वळली.

आतल्या खोलीत टीव्हीच्या पडद्यावर अण्णांचं जुनं मशीन चमकत होतं. ऐन उमेदीत रामप्रसाद अण्णांनी टॉकीजशेजारी गाळा घेऊन पिनबॉल लावले होते. लोक त्यांना गोळीची मशीनं म्हणत. तिरक्या काचेखाली पोलादी गोळी पळायची, खांबांना धडकली की घंट्या वाजायच्या, अन् खाली आली की दोन पट्ट्यांनी तिला परत वर फेकायचं. पुढं व्हिडिओ गेम आले, धंदा बसला, मशीनं भंगारात गेली. एकच उरलं, ते गच्चीवरच्या खोलीत गंजत पडलं होतं.

दिवाळीत धाकटा सत्यम पुण्याहून आला आणि त्यानं ते मशीन उघडलं. प्रत्येक खांबाचं माप घेतलं. एकेक घंटी बोटानं वाजवून तिचा आवाज मोबाईलमध्ये भरून घेतला. काचेवरच्या सर्कसवाल्या पोरीचा रंग उडाला होता, तिचे फोटो काढले. उन्हाळ्यात परत आला तो सगळं मशीन कॉम्प्युटरच्या गेममध्ये उतरवूनच. सोबत टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर अन् खेळायला दोन बटणांचं लाकडी खोकंही आणलं. पोरगी पुन्हा लालभडक झाली होती.

गल्लीतली माणसं बघायला आली. "आमच्या सत्यमनं केलंय," अण्णा प्रत्येकाला सांगत होते.

मुंजाबाला ते लागलं. मांडीचं हाड मोडल्यापासून अण्णांना संडासला नेणं, आंघोळ घालणं, पायाला तेल चोळणं त्याच्याकडं होतं. ते बघायला कोणी आलं नव्हतं. नावसुद्धा त्याला आजोबांचं जुनंपुराणं मिळालं होतं. सत्यमचं मात्र हौसेनं शोधून ठेवलेलं.

पूर्वी तो कामावरून आला की चहा घ्यायचा, अण्णांना औषध द्यायचा आणि चौकात मित्रांकडं सटकायचा. आता पाय निघत नसे. अण्णांच्या बाजूला खुर्ची ओढून तो बसायचा आणि पडद्याकडं बघत जळत राहायचा. आपल्याला इतक्या वर्षांत जमलं नाही असं काय दिलं धाकट्यानं ह्या माणसाला?

"बघितलं का?" अण्णा मान वळवून विचारायचे. वळायच्या नादात गोळी खाली पडायची.

"व्हय, बघितलं."

"कशी घुमली!"

"लई भारी," मुंजाबा दात आवळून म्हणायचा.

अण्णा हसायचे. आपण आंघोळ घालताना ते कधी असे हसले होते का, हे तो आठवून बघायचा.

एके दिवशी अण्णा म्हणाले, "सत्यमला फोन लाव. म्हणावं, रोज खेळतो."

"तुम्हीच सांगा."

"तू सांग रे. त्याला बरं वाटंल."

मुंजाबानं फोन लावला नाही. पुढच्या सुट्टीला, अण्णा दुपारचे झोपलेले असताना, तो कॉम्प्युटरपुढं बसला. गेम शोधला आणि पुसून टाकला. मागं काही राहिलं नाही ना, तेही बघितलं.

"बिघडलं ते," संध्याकाळी त्यानं सांगितलं.

अण्णा काळ्या पडद्याकडं बघत राहिले. "मग आता?"

"आता काय? बंद."

"बरं," अण्णा म्हणाले.

चहा घेऊन मुंजाबा चौकात गेला. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं त्याला. दुसऱ्या दिवशीही गेला, तिसऱ्या दिवशीही. पण घरात अण्णा भिंतीकडं तोंड करून पडू लागले. अर्धी भाकर ताटात राहू लागली.

"कॉम्प्युटरसाठी जेवण सोडलं म्हाताऱ्यानं," तो योगिनीला म्हणाला. गेम गेला तरी जळफळाट गेला नव्हता, उलट वाढला होता.

शेवटी योगिनीनंच सत्यमला कळवलं. शनिवारी तो आला आणि बॅग खाली ठेवून कॉम्प्युटरपुढं बसला.

"दादा, हे आपोआप गेलेलं नाय."

"मग?"

सत्यमनं भावाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"अण्णांचं बोट लागलं असंल कुठंतरी," तो म्हणाला, आणि त्यानं गेम परत टाकला.

टण्, टण्. घंट्या वाजल्या तसा मुंजाबा उठला. आता दोघांचं कौतुक बघत बसायची त्याची तयारी नव्हती. तो बाहेर येऊन चपला शोधू लागला.

"घ्या अण्णा," आतून सत्यमचा आवाज आला. "ह्या खेपेला गोळी अजून खरी केलीय. खेळून बघा."

"दादा कुठंय तुझा?"

"बाहेर निघालाय. तुम्ही खेळा की."

"ऱ्हाऊ दे मग," अण्णा म्हणाले. "खरं सांगू का? राग नको मानू. मला नाय रे ह्यात गंमत. हाताला गोळीचं वजन लागत नाय. पण मुंजाबाला लई आवडतं. हे चालू असलं की पोरगं चौकात जात नाय, माझ्यापाशी बसून ऱ्हातं."