धुळाजीची काठी

संगीताला अणुभट्टीवर नोकरी लागली, तेव्हापासून धुळाजी लेकीशी बोलत नव्हता. धारूरच्या उतारावर संध्याकाळचं ऊन मेंढरांच्या धुळीत तरंगत होतं. एक मेंढी बुजली, तिनं दोघींना ढकललं, त्यांनी चौघींना, आणि उतू जाणाऱ्या दुधासारखा सगळा कळप कड्याकडे निघाला. न ओरडता धुळाजीनं काठी आडवी धरून कळपात अलगद सारली. धक्के काठीवरच विरले, मेंढरं रमतगमत चालू लागली. ‘आबा, भट्टीत असंच असतंय,’ सुट्टीला आलेली संगीता मागून चालताना तंद्रीत म्हणाली. ‘एक अणू फुटला की आणखी दोघांना फोडतो. मदी घातलेल्या काठ्या धक्के गिळत्यात. एकानं एकालाच फोडलं की लाईट मिळत ऱ्हाती.’ ‘समद्या घातल्या तर?’ धुळाजी पहिल्यांदाच बोलला. ‘भट्टी इझती.’ ‘आन् समद्या काढल्या तर?’ तिनं कड्याकडे बोट दाखवलं. सकाळी संगीताची बस सुटताना धुळाजीनं आपली काठी खिडकीतून आत सारली. ‘हिला धक्के गिळायची सवय हाय.’